पहिल्या महायुद्धाच्या जबाबदारीचा प्रश्न

पहिल्या महायुद्धाच्या जबाबदारीचा प्रश्न हा १९१४ साली सुरू झालेल्या महायुद्धाचा दोष कोणत्या राष्ट्राकडे जातो, यासंबंधीचा राजनैतिक, कायदेशीर व इतिहासविषयक वाद आहे. ऑस्ट्रिया-हंगेरी व सर्बिया यांच्यातील संघर्ष मैत्रीकरारांमुळे युरोपभर पसरला. परिणामी पहिली युद्धघोषणा ऑस्ट्रिया-हंगेरीने केली असली, तरी दोषाचा मुख्य भार जर्मनीवर आला.

पार्श्वभूमी

जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी यांनी १८७९ मध्ये परस्परसाहाय्याचा करार केला. १८८२ मध्ये इटलीसह त्रिराष्ट्र करार झाला. फ्रान्स व रशिया यांची लष्करी युती १८९४ मध्ये पक्की झाली. ब्रिटनने फ्रान्सशी १९०४ मध्ये व रशियाशी १९०७ मध्ये समझोते केले; मात्र त्यांत युद्धात उतरण्याचे बंधन नव्हते. यांतील लष्करी करार मुख्यतः बचावात्मक होते. मित्रावर आक्रमण झाले तरच मदतीचे बंधन लागू होई. त्यामुळे आक्रमक कोण, हे ठरविण्यास असाधारण महत्त्व आले.

जुलै १९१४ मधील पेचप्रसंग

२८ जून रोजी सारायेव्हो येथे युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या झाली. ५ व ६ जुलै रोजी जर्मनीने ऑस्ट्रिया-हंगेरीला बिनशर्त पाठिंबा कळविला. हा पाठिंबा ‘कोरा धनादेश’ म्हणून ओळखला जातो. २३ जुलै रोजी सर्बियाला निर्वाणीचा खलिता देण्यात आला आणि २८ जुलै रोजी युद्ध घोषित झाले. सर्बियाशी औपचारिक युती नसतानाही रशियाने ३० जुलै रोजी सार्वत्रिक सैन्यजमवाजमवीचा आदेश दिला. जर्मनीने १ ऑगस्ट रोजी रशियाविरुद्ध व ३ ऑगस्ट रोजी फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले. ४ ऑगस्ट रोजी जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरले. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या लंडन तहाने दिलेली होती. तिच्या भंगाचे कारण देऊन ब्रिटन त्याच दिवशी युद्धात उतरला.

इटलीने आपला करार बचावात्मक असल्याचे सांगून तटस्थता स्वीकारली. मे १९१५ मध्ये तिने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्धच युद्ध पुकारले आणि १९१९ मध्ये ती विजेत्यांच्या पंक्तीत बसली.

व्हर्सायचा तह

२८ जून १९१९ च्या व्हर्सायच्या तहातील कलम २३१ नुसार, जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांच्या आक्रमणामुळे झालेल्या हानीची जबाबदारी जर्मनीने मान्य केली. या कलमात ‘अपराध’ हा शब्द नाही. नुकसानभरपाईला कायदेशीर आधार देणे हा त्याचा हेतू होता. ऑस्ट्रिया व हंगेरी यांच्याशी झालेल्या तहांतही तशीच कलमे होती. १९२१ मध्ये भरपाईची रक्कम १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरविण्यात आली. जर्मनीत हे कलम राष्ट्रीय अपमान मानले गेले व नाझी पक्षाने त्या असंतोषाचा प्रचारासाठी वापर केला.

भारताचा संबंध

युद्धप्रवेशाचा निर्णय भारताने घेतला नव्हता. ब्रिटनच्या घोषणेमुळे तो युद्धात ओढला गेला. तरीही व्हर्सायच्या तहावर भारताच्या वतीने एडविन माँटेग्यू व बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी स्वाक्षऱ्या केल्या.

इतिहासकारांची मते

अमेरिकन इतिहासकार सिडनी फे यांनी १९२८ मध्ये सर्वच सत्तांना कमीअधिक जबाबदार धरले आणि गुप्त करारांची पद्धत हे युद्धाचे मूलभूत कारण मानले. जर्मन इतिहासकार फ्रित्झ फिशर यांनी १९६१ मध्ये जर्मन नेतृत्वाच्या विस्तारवादी उद्दिष्टांवर भर दिला. ख्रिस्तोफर क्लार्क यांनी ‘द स्लीपवॉकर्स’ (२०१२) या ग्रंथात जबाबदारी अनेक राजधान्यांत विभागलेली असल्याचे प्रतिपादन केले. करारांनी राज्यकर्त्यांचे पर्याय मर्यादित केले, की त्यांनी करारांचा सोयीस्कर अर्थ लावला, हा या वादाचा गाभा आहे. इटलीचे उदाहरण दुसऱ्या मताच्या पुष्ट्यर्थ देता येते.