जुने वाहन पीयूसी चाचणीत नापास झाल्यास : दोष शोधण्याचा क्रम

जुने वाहन प्रदूषण चाचणीत नापास ठरले की अनेक मालक एकतर दुसरे केंद्र शोधतात, नाहीतर ‘कसेही करून पास करून द्या’ असे सांगून गाडी मेकॅनिकच्या हवाली करतात. वास्तविक, चाचणीयंत्राने नोंदवलेले आकडे बिघाड नेमका कुठे आहे याची दिशा दाखवत असतात. ते नीट वाचले तर दुरुस्ती बहुधा कमी खर्चात आटोपते. न वाचता सुटे भाग बदलत राहिल्यास पैसा खर्च होतो आणि दोष तसाच राहतो.

कायदा आणि मर्यादा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार पहिल्या नोंदणीला एक वर्ष पूर्ण झाल्यानंतर प्रत्येक वाहनाकडे वैध पीयूसी प्रमाणपत्र असावे लागते. भारत स्टेज-४ आणि भारत स्टेज-६ वाहनांसाठी ते एक वर्ष, तर त्याआधीच्या वाहनांसाठी सहा महिने वैध असते. प्रदूषणविषयक मानकांचा भंग केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) अन्वये तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही वाढीव तरतूद १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे.

जुन्या गाडीला नव्या गाडीचे निकष लावले जात नाहीत. भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल मोटारींना मंद गतीवर, म्हणजे आयडलिंगला, कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएमपर्यंत मुभा आहे. भारत स्टेज-२ व ३ मोटारींसाठी हीच मर्यादा ०.५ टक्के व ७५० पीपीएम, तर भारत स्टेज-४ साठी ०.३ टक्के व २०० पीपीएम आहे. ३१ मार्च २००० नंतर तयार झालेल्या जुन्या पिढीच्या चार-स्ट्रोक दुचाकींना ३.५ टक्के व ४,५०० पीपीएम, तर दोन-स्ट्रोक दुचाकींना ३.५ टक्के व ६,००० पीपीएम ही मर्यादा आहे. त्यामुळे केंद्रावर इंधनाचा प्रकार, उत्पादनाचे वर्ष आणि भारत स्टेज यांची नोंद बरोबर झाली आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. नोंद चुकली तर निर्दोष गाडीही नापास ठरू शकते.

जून २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने देशभरासाठी प्रमाणपत्राचा एकच नमुना ठरवला आणि नापास वाहनाच्या मालकाला नकारपत्रक देण्याची तरतूद केली. हे पत्रक गॅरेजमध्ये दाखवता येते. केंद्रावरील यंत्राविषयी शंका असल्यास दुसऱ्या केंद्रावरील फेरतपासणीसाठीही ते उपयोगी पडते.

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी

थंड इंजिनाची चाचणी फसवी असते. इंजिन थंड असताना मिश्रणात पेट्रोल जास्त असते, शिवाय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण ३०० अंश सेल्सिअस तापल्याखेरीज नीट काम करत नाही. त्यामुळे गाडी पंधरा-वीस मिनिटे रस्त्यावर चालवून, इंजिन बंद न करता चाचणी द्यावी. चोक पूर्ण मागे गेला आहे, आयडलिंग स्थिर आहे आणि सायलेन्सरला भोक नाही, याची खात्री करावी. गळक्या सायलेन्सरमधून बाहेरची हवा आत शिरली तर मोजमाप विश्वासार्ह राहत नाही. इंजिन ऑइलची मुदत संपली असेल तर ते आधी बदलावे. जुन्या ऑइलमध्ये मुरलेल्या पेट्रोलची वाफ पुन्हा इंजिनात ओढली जाते.

कार्बन मोनॉक्साइड जास्त असल्यास

हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात आहे, हा या आकड्याचा सरळ अर्थ. तपासणीची सुरुवात एअर फिल्टरपासून करावी. तो धुळीने तुंबलेला असेल तर केवळ तो बदलूनही फरक पडतो. त्यानंतर कार्बोरेटरच्या गाडीत अडकलेला चोक, फ्लोटची पातळी, गळणारी निडल आणि आयडलिंगच्या मिश्रणाचा स्क्रू पाहावा. इंधन इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर, इंजिनाचे तापमान सांगणारा सेन्सर आणि गळके इंजेक्टर संशयाच्या यादीत येतात. तापमानाचा सेन्सर इंजिन थंडच असल्याचे सांगत राहिला, तर संगणक तापलेल्या इंजिनालाही जादा पेट्रोल देत राहतो.

स्पार्क प्लगचा रंग येथे साक्षीदार ठरतो. फिकट तपकिरी प्लग योग्य मिश्रण सुचवतो, कोरडी काळी काजळी जादा पेट्रोल दाखवते, तर तेलकट ओलावा इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो.

हायड्रोकार्बन जास्त असल्यास

येथे पेट्रोल न जळताच बाहेर पडत असते. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेत आणि हायड्रोकार्बन मात्र चढे असेल तर मिसिंगचा संशय घ्यावा. झिजलेले प्लग, चिरलेल्या प्लग-वायर, जुन्या गाड्यांतील कॉन्टॅक्ट पॉइंट आणि बिघडलेले टायमिंग ही नेहमीची कारणे होत. मिश्रणात पेट्रोल फार कमी झाले तरी मिसिंग होते. इनटेकच्या फाटलेल्या नळीतून किंवा गॅस्केटमधून हवा आत शिरते आहे का, हे म्हणूनच तपासावे. केवळ चाचणीपुरता मिश्रणाचा स्क्रू आवळून पेट्रोल तोडण्याची युक्ती येथे उलटते. कार्बन मोनॉक्साइड उतरतो, पण हायड्रोकार्बन चढतो.

हे सारे ठीक असूनही आकडा उतरत नसेल तर कॉम्प्रेशन मोजावे. कमी दाब दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये थोडे ऑइल घालून पुन्हा मोजल्यावर दाब वाढला तर पिस्टन रिंग झिजल्या असण्याची, न वाढल्यास व्हॉल्व्ह नीट बसत नसण्याची शक्यता अधिक.

दोन-स्ट्रोक स्कूटरच्या बाबतीत पेट्रोलमध्ये ठरलेल्या प्रमाणाहून जास्त ऑइल घालण्याची सवय आणि सायलेन्सरमध्ये साचलेला कार्बन यांचाही विचार करावा लागतो.

दोन्ही आकडे जास्त असल्यास

अशा वेळी अनेकदा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाच दोष दिला जातो. तो निकामी झालेला असूही शकतो. पण बहुतेक वेळा त्याच्या ऱ्हासामागे आधीचा बिघाड असतो. मिसिंगमुळे न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि आतली जाळी वितळते. मूळ मिसिंग दूर न करता महागडा नवा कन्व्हर्टर बसवला तर त्याचीही तीच गत होते. कन्व्हर्टर नेहमी शेवटी बदलावा, तो याच कारणाने.

डिझेल वाहने

डिझेल गाडीत धुराची घनता मोजतात. भारत स्टेज-४ पूर्वीच्या वाहनांसाठी मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक, तर भारत स्टेज-४ साठी ५० आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबला जातो. इंजिनावर त्याचा ताण येतो, म्हणून ऑइलची पातळी आणि टायमिंग बेल्ट आधी पाहणे शहाणपणाचे.

काळ्या धुराचा शोध एअर फिल्टर, टर्बोची चिरलेली नळी, नॉझल आणि डिझेल पंप या क्रमाने घ्यावा. जास्त पिकअपसाठी पंपाचे डिझेल वाढवलेले असेल तर ते उत्पादकाच्या मापावर परत आणावे लागते. निळसर धूर ऑइल जळत असल्याची खूण आहे. इंजिन तापल्यावरही टिकणारा पांढरा धूर, विशेषतः कूलंट कमी होत असेल तर, हेड गॅस्केट तपासण्याचा इशारा समजावा.

दुरुस्ती कुठे थांबवावी

फिल्टर, प्लग, ऑइल, ट्यूनिंग या किरकोळ कामांनंतरही आकडे मर्यादेबाहेर राहिले आणि कॉम्प्रेशनही बसलेले आढळले, तर इंजिन उघडण्याच्या खर्चाची गाडीच्या किमतीशी तुलना करावी. रिक्षा किंवा टेम्पोवर ज्यांचे पोट अवलंबून आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब विशेष कठीण असतो. तरीही पैसे मोजून मिळवलेले खोटे प्रमाणपत्र त्यावर उपाय ठरत नाही. वाढलेले इंधन, जळणारे ऑइल आणि रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची वाट अडवणारा कार्बन मोनॉक्साइड त्या कागदाने कमी होत नाही. आणि तो वायू सर्वाधिक वेळ हुंगतो तो दिवसभर रहदारीत राहणारा चालकच.

पीयूसी मिळणे म्हणजे वयाच्या अटीतून सुटका नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. दिल्ली राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्वतंत्र आदेश दिले. पुढील काळात न्यायालयाने त्यांत फेरबदलही केले, म्हणून तेथील वाहनधारकांनी मोठ्या दुरुस्तीवर खर्च करण्यापूर्वी चालू आदेश पाहावा.

दुरुस्तीनंतरची चाचणी पहिल्यासारखीच तापलेल्या इंजिनावर द्यावी आणि दोन्ही वेळचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पास झाल्यावरही जुनी पत्रके जपून ठेवणे हिताचे असते. दर सहा महिन्यांनी थोडा थोडा चढत जाणारा आकडा गाडी नापास होण्याच्या बऱ्याच आधी, दुरुस्ती स्वस्त असतानाच, दोषाची सूचना देतो.