राखणदाराचा शिधा

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि नगरचा मुलूख कंपनी सरकारच्या अंमलाखाली आला. त्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या प्रांताविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात जमाबंदी व न्यायदान यांच्या तपशिलाबरोबर गावच्या राखणदारीचीही हकीकत आली आहे. आणि ती वाचताना आजच्या वाचकास अधिक नवल वाटते ते याचे की, चोरी झाल्यावर राखणदाराचे काम संपत नसे, खरे म्हणजे तेथून ते सुरू होई. गेलेला माल शोधून देणे हे त्याचे कर्तव्य होते, आणि ते न साधल्यास भरपाईचा बोजा त्याच्यावर, व त्याच्या ऐपतीपलीकडे गेल्यास गावावर, पडत असे. चोराची पाऊलखूण धुळीत कोठे उमटली आहे, टाच किती दबली आहे, हे पहाटेच्या तिरप्या उजेडात न्याहाळीत तो माग काढीत शिवेपर्यंत जाई. तेथे शेजारच्या गावच्या राखणदारास बोलावून पावलाचे माप त्याच्या हवाली करी. आणि माग त्या गावच्या हद्दीत शिरला हे एकदा सिद्ध झाले, म्हणजे पुढची जोखीम त्या गावाची. ज्या शिवारात माग हरपला, त्या गावाने जाब द्यावयाचा. एका गावाची गाफिली दुसऱ्याच्या अंगलट येऊ नये, एवढ्यासाठी केलेली ही तजवीज होती, आणि तीत घरमालक, राखणदार, पाटील आणि शेजारचे गाव असे सर्वच बांधले गेलेले होते.

नगर जिल्ह्यात हे काम कोठे रामोशी, कोठे भिल्ल करीत. गावच्या वेशीवर महार वेसकर असे. तिन्हीसांजेनंतर वेशीचे दरवाजे लावणे, परका इसम गावात आल्यास चावडीवर पाटलाला वर्दी देणे, रात्री गस्त घालून हाळी देणे, सरकारी खजिना एका गावाहून दुसऱ्या गावी पोचविणे, ही सारी कामे या मंडळींच्या माथी होती. जिल्ह्यातील कित्येक जुन्या गावांत वेशीची कमान आजही उभी आहे. तिचे दरवाजे गेले, एखाद्या खांबात बिजागरीचा लोखंडी गज तेवढा राहिला आहे. त्या कमानीखालून जाताना मला ज्याचा विसर पडू शकत नाही ती गोष्ट अशी की, जो वेसकर रात्रभर आतल्यांची झोप राखीत असे, त्याचे स्वतःचे घर वेशीबाहेर असे. दरवाजा लागला म्हणजे तो, त्याची बायको आणि त्याची मुले बाहेरच्या बाजूस राहत. गावगाड्याची वाखाणणी करणाऱ्यांनी ही गोष्ट आधी सांगावी आणि मग वाखाणणी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या राखणीचा शिधा खळ्यावरून येई. सुगीत कणसे मळून रास पडली की बलुतेदारांच्या बरोबर राखणदाराचा वाटा निघे. शिवाय सणावाराला मान, रोजची फिरून मागितलेली भाकरी, कोठे थोडी इनाम जमीन. पीक बुडाले की वाटाही बुडे. दुर्गादेवीचा दुष्काळ असो की १८७६-७७ चा, ज्या वर्षी गावात चोऱ्या वाढाव्यात नेमक्या त्याच वर्षी राखणदार उपाशी राहावा, असे हे दुर्दैवी गणित होते.

इंग्रजी अंमलात ही घडी हळूहळू मोडली. १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने व १८७४ च्या वतन कायद्याने जुनी कामे दप्तरी नोंदवून घेतली खरी, परंतु कामाचा बोजा कायम राहून मोबदला आटत गेला. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात खेड्यातील या हक्कांच्या आणि कामांच्या गुंत्याचे जे सूक्ष्म वर्णन आहे, ते मुळातूनच वाचावे. याच सुमारास सरकारची दृष्टी अशी फिरली की, ज्या जमातींकडे पिढ्यान्‌पिढ्या राखण होती त्यांतील काहींना गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली हजेरी लावण्याची पाळी आली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशांचे नाव आजही आहे, ते त्या काळाची खूण म्हणून. इकडे महार वतन ही सेवा नसून वेठ आहे, हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. प्रत्यक्ष कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी व्हावयास मात्र १९५८ चा कायदा यावा लागला. १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटील नेमला गेला, पण तो काही रात्रीची हाळी देत फिरणारा नव्हे. जुनी राखण गेली, आणि जावयास हवी होती. मात्र तिच्या जागी काय यावे याचा विचार कोणी केला नाही, आणि ती जागा पुढे कडीकुलपाने, कुत्र्याने व अलीकडे विजेने व्यापली.

विजेच्या राखणीचा इतिहास नगरपासून फार दूर सुरू होतो. अमेरिकेतील बोस्टनजवळच्या ऑगस्टस पोप याने १८५३ मध्ये दार किंवा खिडकी उघडताच विद्युत्‌मंडल जुळून घंटा वाजेल अशा योजनेचे एकस्व मिळविले, आणि एडविन होम्स याने ते विकत घेऊन त्याचा धंदा उभारला. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिसे व गंधकाम्ल यांचा पुन्हा पुन्हा भरता येणारा विद्युत्‌घट १८५९ मध्ये सिद्ध केला. आज नगरला सावेडीच्या किंवा भिंगारच्या एखाद्या बंगल्यात जिन्याखाली चोरीचा इशारा देणारी जी पांढरी पेटी टांगलेली असते, तिच्यात या दोन्ही शोधांचे वंशज एकत्र नांदत असतात: मुख्य मंडल, आणि त्याच्या पायाशी काळ्या विटेएवढी बारा व्होल्टची सीलबंद बॅटरी. मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी, घरात वृद्ध आईवडील किंवा कोणीच नाही, अशा घरांतून ही पेटी शिरली. वीज आहे तोवर पेटी विजेवर जगते व बॅटरीस भरीत राहते; वीज जाताच सारा भार बॅटरीवर येतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे कित्येक तास अंधारात जात, तेव्हा या बॅटऱ्यांची जी दैना झाली ती दुरुस्ती करणाऱ्यांच्या अजून लक्षात आहे. कारण पुरती भरण्याआधीच रिती होणारी बॅटरी शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर धरते, आणि मग तिची धारणशक्ती कायमची उतरते.

सावेडीतील एका बंगल्यात असा एक कारागीर काम करीत असता मी त्याच्याजवळ उभा होतो. तक्रार अशी होती की, वीज गेली की भोंगा क्षणभर ओरडून गप्प होतो, पेटीवरचा हिरवा दिवा मात्र सर्व ठीक असल्याचे सांगतो. त्याने मीटर लावला. काटा साडेबारा व्होल्टच्या वर. घरमालकास हायसे वाटले. कारागिराने काही न बोलता मुख्य वीज बंद केली, भोंगा सुरू केला आणि मीटरकडे बोट दाखविले: आकडा अकरावर आला, दहावर आला, आणि दहाच्याही खाली उतरताच भोंग्याचा आवाज घोगरा होऊन थांबला. बसल्या जागी बॅटरी धडधाकट दिसते, भार पडला की तिचे बळ कळते. आणि पेटीचा दिवा बहुधा बिनभाराचा दाब पाहून समाधान मानतो. मग त्याने टोकांवर साचलेली पांढरी भुकटी खरवडली, फ्यूज पाहिला, पेटी बॅटरीस साडेतेरा ते पावणेचौदा व्होल्टने भरते आहे की नाही हे तपासले, आणि तेथे दोष नाही अशी खात्री झाल्यावरच नवी बॅटरी बसविली. आधी भरणारे मंडल न पाहता बॅटरी बदलणारा मनुष्य तीच तक्रार घेऊन सहा महिन्यांनी पुन्हा बोलावला जातो, असे तो म्हणाला. जुनी बॅटरी तीन वर्षांची होती आणि पेटी गच्चीखालच्या तापणाऱ्या भिंतीवर होती. अशा बॅटरीचे आयुष्य तीन ते पाच वर्षांचे धरतात; मात्र ते पंचवीस अंशांच्या हवेतले, आणि उष्णता दर दहा अंशांनी वाढली की ते जवळजवळ निम्मे होते.

या पेटीस जोडलेल्या, हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरची गोष्ट याहून मनोरंजक आहे. तो स्वतः कोणतेही किरण सोडीत नाही, नुसता पाहतो. माणसाच्या अंगातून निघणारी अदृश्य उष्णता पांढऱ्या खाचेदार भिंगातून आत घेऊन, शेजारी शेजारी बसविलेल्या दोन संवेदकांवर ती एकामागून एक पडली म्हणजे कोणी तरी हालले असे तो ठरवितो. म्हणूनच त्याच्या समोरून आडवा जाणारा मनुष्य त्यास चटकन दिसतो आणि सरळ त्याच्याकडे चालत येणारा उशिरा दिसतो. ज्या कोपऱ्यातून दार आडवे पडते, तेथे तो बसवावा. खरी अडचण येते ती वैशाखात. नगरचा पारा चाळिशीला टेकतो, बंद घराच्या भिंती रात्रीही माणसाच्या कातडीइतक्या उष्ण राहतात, आणि भिंत व माणूस यांत उष्णतेचा फरकच उरला नाही म्हणजे या राखणदाराची नजर मंदावते. पौषात तोच सेन्सर दूरची मांजरही पकडतो. उन्हाळ्यात तो गप्प राहिला म्हणून बिघडला, आणि हिवाळ्यात मध्यरात्री ओरडला म्हणून चोर आला, असे दोन्ही निष्कर्ष घाईचे. फुकट ओरडण्याची कारणे बहुधा घरातच असतात: भिंगासमोर जाळे विणणारा कोळी, वरून फिरणारी पाल, वायरीच्या छिद्रातून आत शिरलेल्या मुंग्या, खिडकीतून सरकणारे ऊन, गरम वाऱ्याने हालणारा पडदा. छिद्र बुजवावे, भिंग कोरड्या मऊ फडक्याने पुसावे, आणि महिन्यातून एकदा कोणा तरी माणसाने खोलीभर चालून सेन्सरचा दिवा कोठे लागतो, कोठे नाही, हे पाहावे. तारेविना चालणाऱ्या सेन्सरच्या पोटात स्वतःची लहान बॅटरी असते, ती दुबळी झाली की तो कधी मुका होतो, कधी भ्रमिष्टासारखा वागतो. तेव्हा दोष शोधताना त्याचे पोट आधी उघडावे.

याच जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात, असेही एक गाव आहे की ज्याने हा सारा बंदोबस्तच नाकारला. शनी शिंगणापुरात उघड्या चौथऱ्यावर सुमारे साडेपाच फूट उंचीची काळी शिळा उभी आहे, तिच्यावर छत नाही. पानसनाल्याच्या पुरात ती वाहून आली, गुराख्याच्या काठीने तिच्यातून रक्त आले, आणि देवाने स्वप्नात येऊन मला छप्पर नको, गाव मी राखीन असे सांगितले, अशी कथा आहे. त्या वचनावर गावातील बहुतेक घरांना चौकटी आहेत पण कवाडे नाहीत, कुलूप नाही. कुत्री-मांजरे येऊ नयेत म्हणून फार तर रात्री फळी टेकवितात. मी या श्रद्धेकडे आदराने पाहतो. तिच्यामागे नुसते भय होते असे मला वाटत नाही; जेथे प्रत्येक घर प्रत्येक घरास ओळखते, तेथे चोरीचा माल न्यावयाचा कोठे, हा प्रश्नही देवाच्या बाजूने उभा होता. पुढे शनी अमावास्येस लक्षावधी यात्रेकरू येऊ लागले, वाहनतळ झाले, दुकाने झाली. ज्यांना कोणी ओळखत नाही अशा माणसांच्या वर्दळीत २०१० च्या सुमारास यात्रेकरूंच्या वाहनांतून चोरी झाल्याच्या तक्रारी आल्या, आणि २०१५ मध्ये गावास पोलीस ठाणे मिळाले.

त्याआधी, जानेवारी २०११ मध्ये, युको बँकेने येथे आपली शाखा उघडली. गावाच्या भावनेचा मान राखून तिने दारास कुलूप लावले नाही, काचेचे दार बसविले. मात्र त्या दारास दूरनियंत्रणाने चालणारी, सहजी नजरेस न पडणारी विद्युत्‌चुंबकीय कळ आहे. अशा कळीची पकड बहुधा प्रवाह वाहतो तोवरच टिकते, म्हणून ती जेथे बसवितात तेथे वीज गेली असता दार सुटू नये यासाठी मागे बॅटरी ठेवावी लागते, आणि ती भार टाकून वेळोवेळी तपासावी लागते.