बद्रचे कैदी आणि आपले अध्यापन

सन 624 मध्ये बद्रच्या लढाईत मक्केचे सुमारे 70 लोक कैद झाले. त्यांच्या सुटकेसाठी 4000 दिरहमपर्यंत खंडणी होती. ज्यांच्यापाशी पैसा नव्हता, पण लिहिता येत होते, त्यांनी मदिनेतील दहा-दहा मुलांना लेखन शिकवून सुटका मिळवली, असे इब्न साद सांगतात. हा प्रसंग आपण वर्गात अभिमानाने सांगतो. त्याच कैद्यांपैकी नज्र बिन हारिस व उक्बा यांना ठार करण्यात आल्याची इब्न इसहाक यांची नोंद मात्र वगळतो.

कुरआनच्या 47 व्या सूरेत कैद्यांना उपकार म्हणून किंवा मोबदला घेऊन सोडण्याचे मार्ग आहेत. जकातीच्या 8 वाट्यांपैकी एक गुलाममुक्तीसाठी आहे. 630 मध्ये हुनैननंतर हवाजिन टोळीच्या सुमारे 6000 स्त्रिया व मुले परत करण्यात आली. तरीही गुलामगिरी रद्द झाली नाही. पुढे फिकहने मालकाचा बंदिवान स्त्रीशी संबंध वैध मानला. तिच्या संमतीची अट घातली नाही.

‘त्या काळी सर्वत्र हेच होते’ हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. 1846 मध्ये ट्युनिसच्या अहमद बे यांनी गुलामगिरी बंद केली. मालक शरीअतच्या अटी पाळत नाहीत आणि शरीअतचा कल मुक्तीकडेच आहे, असे त्यांनी उलेमांना कळवले. त्यांची स्वतःची आई सार्डिनियाहून पकडून आणलेली होती.

विद्यार्थ्यांपुढे दोन्ही बाजू ठेवाव्यात. अर्धा इतिहास शिकवला, तर उरलेला अर्धा ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकतील, आणि मग आपल्या खऱ्या अर्ध्यावरही विश्वास ठेवणार नाहीत.