सीहॅम : एका कोळसाबंदराची हकीकत

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, संडरलंडच्या दक्षिणेस काही मैलांवर, डरहॅम परगण्यात सीहॅम नावाचे गाव आहे. हिंदुस्थानच्या घटनात्मक इतिहासाची पाने चाळणाऱ्यास ते एखाद्या तळटिपेत भेटते. रॅम्से मॅक्डोनल्ड यांचा मतदारसंघ, एवढीच तेथे त्याची ओळख. पण या गावाची हकीकत तळटिपेत मावेल अशी आम्हांस वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे मूठभर घरे, एक अतिप्राचीन चर्च आणि मिलबँक घराण्याचा वाडा एवढेच काय ते होते. याच वाड्यात २ जानेवारी १८१५ रोजी कवी बायरन याचा ॲनाबेला मिलबँक हिच्याशी विवाह झाला. संसार जेमतेम वर्षभर टिकला. असो, तो विषय काव्याच्या अभ्यासकांचा.

१८२१ मध्ये ही जहागीर चार्ल्स स्ट्युअर्ट याने विकत घेतली. पुढच्याच वर्षी तो लंडनडेरीचा तिसरा मार्क्विस झाला. पत्नी फ्रान्सिस ॲन हिच्याकडून त्याच्याकडे डरहॅममधील मोठ्या खाणी आल्या होत्या. परंतु कोळसा बाहेर धाडावयाचा तर वेअर नदीतून होड्यांनी संडरलंडला न्यावा लागे, आणि वाटेत दुसऱ्यांचे हात ओले करावे लागत. तेव्हा स्वतःचेच बंदर का असू नये? १८२८ मध्ये पायाभरणी झाली, १८३१ च्या जुलैत पहिला कोळसा जहाजावर चढला. नगराची आखणी जॉन डॉब्सन या नामांकित वास्तुशिल्पकाराकडून करविली होती. तिच्यातले प्रत्यक्षात फार थोडे उतरले. पैसा आधी धक्क्याला लागला, घरांना मागाहून.

शतकाच्या मध्यास खुद्द सीहॅमच्या भूमीतच खोल विहिरी खणून कोळसा काढण्यास प्रारंभ झाला. ८ सप्टेंबर १८८० च्या मध्यरात्रीनंतर, दोन-अडीचच्या सुमारास, त्या खाणीत प्रचंड स्फोट झाला. १६४ माणसे आणि मुलगे प्राणास मुकले. सगळेच तत्काळ मेले नव्हते. एका खाणकामगाराने आपल्या पाण्याच्या पत्र्याच्या बाटलीवर पत्नीसाठी निरोप कोरून ठेवला होता. सकाळी सात वाजता आपण चाळीस जण जिवंत आहोत, काही जण भजने म्हणत आहेत, आपले मन मात्र घरी आजारी असलेल्या लेकराकडे लागले आहे, असा त्याचा आशय. मदत त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचली नाही.

पुढे जे घडले ते आमच्या मते स्फोटाइतकेच लक्षात ठेवण्यासारखे आहे. खाणीत आग धुमसत होती. ती विझविण्यासाठी हवा तोडणे अवश्य, म्हणून तो भाग भिंती घालून बंद करण्यात आला. अनेक प्रेते आतच होती. कामगारांनी कडवा विरोध केला, काम बंद पाडले. तांत्रिक दृष्टीने तो निर्णय चुकीचा ठरविणे कठीण. भिंतीच्या अलीकडे उभ्या असलेल्या विधवांस तो पटविणे त्याहून कठीण. उरलेली प्रेते १८८१ मध्ये बाहेर आली. झरियाच्या पट्ट्यात नोकरी केलेल्या आमच्या वाचकांस ही कोंडी परकी वाटणार नाही.

या दुर्घटनेचा शास्त्रास मात्र लाभ झाला. खाणीतील धूळ तपासणीसाठी रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक ॲबेल यांच्याकडे गेली आणि कोळशाची धूळ स्फोटाचा जोर वाढविते, हा विचार बळावला. जवळच्याच हॅसवेल येथील १८४४ च्या स्फोटानंतर फॅरडे आणि लायल यांनी धुळीकडे बोट दाखविलेच होते. तो अहवाल जणू दप्तरातच पडून राहिला. दप्तरात पडलेल्या अहवालांविषयी आपण सरकारी माणसांनी अधिक काय बोलावे?

विसाव्या शतकात डॉडन आणि व्हेन टेम्पेस्ट या आणखी दोन खाणी निघाल्या. बोगदे समुद्रतळाखाली दूरवर गेले. कामगारांचे राजकीय बळ वाढले. १९२२ मध्ये त्यांनी सिडनी वेब यांना पार्लमेंटात पाठविले. डरहॅमच्या खाणकामगारांचा इतिहास याच गृहस्थांनी लिहिला होता. १९२९ मध्ये त्यांच्या जागी मॅक्डोनल्ड आले. मॅक्डोनल्ड आपणांस अगदीच अनोळखी नव्हते. सनदी नोकऱ्यांचा विचार करण्यासाठी १९१२ मध्ये नेमलेल्या इस्लिंग्टन आयोगावर ते आणि नामदार गोखले सहकारी सभासद होते.

१९३१ च्या ऑगस्टात बेकारभत्त्यात दहा टक्के कपात करण्याच्या प्रश्नावरून मजूर मंत्रिमंडळ फुटले. मॅक्डोनल्ड यांनी विरोधकांच्या साहाय्याने राष्ट्रीय सरकार बनविले. बेकारीने गांजलेल्या खाणकामगारांस हा विश्वासघात वाटला यात नवल नाही. स्थानिक पक्षाने त्यांना जागा सोडण्यास सांगितले. त्यांनी ती सोडली नाही. लंडनमध्ये दुसरी गोलमेज परिषद भरलेली, महात्मा गांधी, डॉ. आंबेडकर, बॅ. जयकर तेथे उपस्थित, आणि त्याच ऑक्टोबरात परिषदेचे यजमान सीहॅमच्या कोळशाने काळवंडलेल्या गल्ल्यांत मते मागत होते. सुमारे सहा हजारांच्या आधिक्याने ते निवडून आले. तीनेक हजार मते इकडची तिकडे झाली असती, तर पुढच्या ऑगस्टातला जातीय निवाडा कोणी दिला असता, कसा दिला असता, आणि २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार झालाच असता काय, या तर्काला अंत नाही.

१९३५ मध्ये सीहॅमने हिशेब चुकता केला. इमॅन्युएल शिनवेल यांनी मॅक्डोनल्डांचा वीस हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. हेच शिनवेल पुढे इंधनमंत्री झाले आणि १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनच्या कोळसाखाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. लंडनडेरींची सद्दी अशा रीतीने त्यांच्याच गावच्या प्रतिनिधीने संपविली.

राष्ट्रीयीकरणाने खाणी अमर झाल्या नाहीत. १९८४-८५ चा वर्षभराचा संप फसला. १९९१ मध्ये डॉडन आणि १९९३ मध्ये व्हेन टेम्पेस्ट बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात लोटलेल्या खाणीच्या राडारोड्याने किनारा काळा पडला होता. १९९७ नंतर मोठ्या खर्चाने तो साफ करण्यात आला. आता तेथे हौशी मंडळी वाळूत रंगीत काचेचे खडे वेचीत हिंडतात. १८५३ ते १९२१ या काळात गावात बाटल्यांचा एक कारखाना होता; त्याची टाकाऊ काच समुद्रात जाई. लाटांनी घासून गुळगुळीत केलेले ते तुकडे हिरवे, निळे, क्वचित तांबडेही असतात, आणि दागिने करणारे ते आवडीने घेतात.