आरशातला डाव : सिमेट्रिकल इंग्लिशची गोष्ट

१/ पांढऱ्याने सी४ खेळावे, काळ्याने सी५. मग दोघांचे घोडे बाहेर यावेत, दोघांचे उंट कोपऱ्यातून लांब कर्णावर नजर रोखून बसावेत. चार चालींनंतरही पटाचा एक अर्धा भाग दुसऱ्याचे प्रतिबिंबच! ही 'सिमेट्रिकल इंग्लिश'. तिचा इतिहास मात्र शांत नाही.

२/ १८४३. पॅरिसचे 'कॅफे द ला रेजाँस'. इंग्लंडचा हॉवर्ड स्टाँटन विरुद्ध फ्रान्सचा सेंट-आमाँ. २१ डावांपैकी स्टाँटनने ११ जिंकले, ६ गमावले, ४ बरोबरीत सुटले. राजापुढचे प्यादे सारून डाव मांडण्याच्या त्या काळात त्याने काही डावांत सी४ खेळले. म्हणून नाव पडले 'इंग्लिश'.

३/ मध्यभाग प्याद्यांनी व्यापण्याऐवजी दुरून ताब्यात ठेवावा, हा विचार १९२०च्या दशकात रेती आणि निमझोविच यांनी रुजवला. २२ मार्च १९२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये रेतीने बगलेवरूनच डाव उभारून कापाब्लांकाला हरवले. तो जगज्जेता आठ वर्षे अपराजित होता.

४/ पण नक्कल धोक्याची नाही का? असते. ई४ ई५, मग दोघांचे घोडे एफ३ व एफ६ वर, दोघांनी एकेक प्यादे मारले. पांढऱ्याने वजीर ई२ वर आणताच काळ्याने घोडा निमूट मागे घेतला, की पांढरा घोडा सी६ वर उडी मारतो, उघडा शह बसतो आणि काळ्याचा वजीर जातो.

५/ इंग्लिशमध्ये मोहरी इतक्या लवकर भिडत नाहीत, म्हणून आरसा बराच वेळ टिकतो. तरी पहिली चाल पांढऱ्याची. बी४ किंवा डी४ ची धडक आधी तोच देऊ शकतो. सममिती म्हणजे समानता नव्हे!

६/ लीगमध्ये हे गणित आणखी तीक्ष्ण होते. १९८० साली सुरू झालेल्या एकेरी जर्मन बुंडेसलिगात प्रत्येक संघाचे आठ खेळाडू एकाच वेळी आठ पटांवर बसतात. साडेचार गुण झाले, की सामना जिंकला. काळ्या मोहऱ्यांनी मिळालेला अर्धा गुण तिथे अनेकदा मोलाचा ठरतो.

७/ मात्र संघ एका गुणाने मागे असेल आणि शेवटचा पट उरला असेल, तर बरोबरी निरुपयोगी. तेव्हा कोणाला तरी आरसा फोडावाच लागतो, आणि काचा कोणाला लागतील हे आधी कळत नाही.