जमीन शेतकऱ्याची, खालचं सरकारचं

निफाड-सिन्नरच्या बाजूला विहीर खोदायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटी सुरुंग लावल्याशिवाय न फुटणारा काळा खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर. शेल वायू, म्हणजे खडकात कोंडलेला नैसर्गिक वायू, मात्र अशा लाव्ह्यात नाही, गाळाच्या खडकात अडकून राहतो. देशात ओएनजीसीला तो पहिल्यांदा गवसला जानेवारी २०११ मध्ये, पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरजवळ, इच्छापूरला. उद्या नाशिकच्या कातळाखाली असा वायू निघालाच, तरी वायूच्या हक्काचा करार करायला कंपनीचा माणूस शेतकऱ्याच्या ओसरीवर येणार नाही.

अमेरिकेत तो येतो. तिथे जमिनीखालचं खनिज बहुधा जमीनमालकाचंच असतं. सही करतानाच एकरी बोनस मिळतो आणि वायू निघू लागला की उत्पन्नात वाटा. पेनसिल्व्हेनियात तर १९७९ च्या कायद्याने हा वाटा किमान एक अष्टमांश ठरवून दिला.

नाशिकचा शेतकरी त्याच्या शंभर वर्षं आधीच या व्यवहारातून बाहेर पडला होता. मुंबई जमीन महसूल संहिता १८७९ ची. तिच्या ६९ व्या कलमाने इनाम नसलेल्या जमिनीतल्या खाणी आणि खनिजं सरकारने स्वतःकडे राखून ठेवली. राज्याची १९६६ ची संहिता आली, तिच्या ४८ व्या कलमातही तेच. मलबारची गोष्ट वेगळी. तिथल्या जमीनमालकांचा भूगर्भावरचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मान्य केला, कारण तो काढून घेणारा कायदाच तिथे झालेला नव्हता.

त्यामुळे इथे शेतातला मुरूम विकायचा तरी तहसीलची परवानगी लागते, रॉयल्टी भरावी लागते. ठेकेदार मुरूम नेऊन मोकळा होतो आणि दंडाचा बोजा मालकाच्या सातबाऱ्यावर चढतो, हे गौण खनिजाच्या प्रकरणांत नवं नाही.

तेल-वायूशी नाशिकच्या शेतकऱ्याची खरी गाठ पडली ती नळातून. मुंबईहून मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोपर्यंत भारत पेट्रोलियमची वाहिनी आली. अशा वाहिन्यांसाठी १९६२ चा कायदा आहे. त्यात जमीन संपादन होत नाही, फक्त वापराचा हक्क घेतला जातो. मोबदला बाजारभावाच्या १० टक्के. उभ्या पिकाची आणि झाडांची भरपाई वेगळी. नळ पुरून झाला की मालकाने वर कांदा लावावा, गहू पेरावा. पण त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर किंवा तळं खोदायचं नाही, झाड लावायचं नाही. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. जमीन विकत घेणाऱ्याने सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना आधी वाचायचा तो या बंधनांसाठीच.

जमीन दुसऱ्याला वापरायला देण्याचा आणखी एक मार्ग भाडेपट्ट्याचा. पण भाडेपट्टा म्हटलं की जुन्या मालकांच्या पोटात गोळा येतो, त्यालाही इतिहास आहे. १९४८ च्या कुळकायद्यातल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार झालं. ‘कसेल त्याची जमीन’ म्हणून हजारो कुळं मालक झाली. तेव्हापासून मालकांनी मात्र कागदाची धास्तीच घेतली. निमबटाई असो की खंड, व्यवहार तोंडी.

तो कागद आता सौरऊर्जेच्या निमित्ताने परत आलाय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये भाडं ठरलं, मूळ दरावर दर साल सरळ ३ टक्के वाढीने. या वेगाने भाडं दुप्पट व्हायला तेहेतीस वर्षांहून जास्त काळ लागतो, हा हिशेब सहीच्या आधी मांडलेला बरा. एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. भाडं थकलं तर व्याज किती, कंपनीने प्रकल्प दुसऱ्याला विकला तर करार कोण पाळणार, मुदत संपल्यावर काँक्रीटचे पाये कोणाच्या खर्चाने उपटायचे आणि बांधावरून जाणारी शेजाऱ्याची वाट खुली राहणार का, ही कलमं करारात नसतील तर निबंधकाच्या शिक्क्याआधीच ती लिहून घ्यावी लागतात.