एकाच सूर्याखाली

10 जुलै 1944. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. अगदी जवळून मशिनगनचा मारा सुरू झाला आणि एका तुकडीतले सारे जवान ठार वा जखमी झाले. उरला तो केवळ तुकडीचा नायक, यशवंत घाडगे. कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा तरुण अवघ्या 22 वर्षांचा होता. सोबतीला कोणी नाही हे ठाऊक असूनही तो एकटाच ठाण्यावर धावून गेला. हातबाँबने त्याने मशिनगन आणि ती चालवणारा निकामी केला, एकाला टॉमीगनने टिपले. गोळ्या भरायला उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. तेवढ्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याला लागल्या. जिंकलेल्या ठाण्यातच त्याने प्राण सोडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ज्ञात थडगे नाही. कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

याच काळात खानदेशात काय घडत होते? 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारला, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, तिरंगा घेऊन निघालेल्या शिरीषकुमार मेहता या 15 वर्षांच्या विद्यार्थ्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्याच्यासह पाच जण हुतात्मा झाले. घाडगेंच्या मृत्यूच्या जेमतेम तीन महिने आधी, 14 एप्रिल 1944 रोजी, धुळ्याजवळच्या चिमठाण्याला क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. ज्या सरकारने नंदुरबारात गोळ्या घातल्या, त्याच सरकारचे पदक पळसगावच्या घरी आले.

हा पेच आपल्या इतिहासलेखनाने फारसा सोडवला नाही. तो बहुधा टाळलाच. शिरीषकुमार पाठ्यपुस्तकात आला, घाडगे पलटणीच्या आणि तालुक्याच्या स्मरणात राहिले. एकाला देशभक्त म्हणावे तर दुसऱ्याला काय म्हणावे, या प्रश्नाने आपण अवघडतो. ‘भाडोत्री’ हा शब्द सोपा आहे, पण न्याय्य नाही. शेती पोट भरत नसलेल्या मुलखात लष्करी नोकरी हा चरितार्थ होता आणि पलटणीची इभ्रत हे मूल्य. शिवाय समोर होती ती नाझी जर्मनीची फौज. उलट, पदकाच्या झळाळीत साम्राज्याचा स्वार्थ विसरणेही भाबडेपणाचे ठरेल. 1856 साली सुरू झालेला व्हिक्टोरिया क्रॉस भारतीय सैनिकांना 1911 पर्यंत मिळूच शकत नव्हता. मरण चालत होते, मान चालत नव्हता!

इटलीच्या मोहिमेत सुमारे 50,000 भारतीय सैनिक लढले. 5,782 परतले नाहीत. जुलै 2024 मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने घाडगेंच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले. त्यावरील लॅटिन वचनाचा आशय असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत.

त्या सूर्याखाली नंदुरबारचा चौकही येतो. पदक शौर्याची साक्ष देते; ते शौर्य कोणाच्या कामी आले, याचा हिशेब मात्र इतिहासालाच मांडावा लागतो. तो मांडताना दोघांपैकी एकालाही वगळण्याचे कारण नाही.